चंद्रोदयाआधी खाल्लेली साखर

"मॅडम, माझ्यामुळेच झालं हे," समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या नाशिकच्या पंचवटीतल्या काकू खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची संकष्टी काकूंनी पुढे चालवायला घेतली, त्याला 22 वर्षं झाली. दर वद्य चतुर्थीला दिवसभर पाणी आणि चहा. चंद्र उगवला की अर्घ्य, आरती, मोदकांचा नैवेद्य, मगच जेवण. गेल्या वर्षी मधुमेह निघाला. गोळ्या सुरू झाल्या, उपासही तसाच चालू. मागच्या संकष्टीला संध्याकाळी घाम फुटला, हात थरथरू लागले. सुनेने आधी साखर भरवली, मग पोळी खायला लावली. तिसऱ्या दिवशी मुलगा द्वारका सर्कलजवळ गाडीवरून पडला. मनगट मोडलं.

उपास मोडला तर बाप्पा कोपतो का? हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. श्रद्धेशी वाद घालणं माझं काम नाही, म्हणून पुढचं विचारताना मी जरा चाचरलेच. "काकू, 2020 मध्ये काकांची सातपूरची कंपनी बंद पडली म्हणालात. तेव्हा संकष्टी चुकली होती?"

"एकही नाही."

मग बराच वेळ त्या पदराशी चाळा करत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "सासूबाईंना शब्द दिला होता हो." धास्ती गणपतीची नव्हतीच. भीती होती ती दिलेला शब्द मोडल्याची.

धर्मशास्त्रात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, फळं, कंदमुळं, दूध आहे, आणि औषधसुद्धा. हे मी सांगितलं तेव्हा काकूंनी दोनदा विचारलं, "औषध? खरंच?" ती चमचाभर साखर त्या दिवशी औषधच होती. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न नसताना रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेतात; तेव्हा चंद्राची वाट बघत बसायचं नसतं. उपासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायला लावलं.

आता दुपारी थोडी भगर आणि दही खातात. साबुदाणा बंद, तो म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्चच. रविवार कारंजाच्या चांदीच्या गणपतीला जाऊन सासूबाईंच्या नावाने नारळ ठेवला, ही कल्पना त्यांचीच. चंद्रोदयाची वेळ झाली की छातीत अजून धडधडतं म्हणतात. पुढच्या बुधवारी पुन्हा येणार आहेत.