गर्भनिरोधक गोळ्या आणि पुन्हा पुन्हा होणारा बुरशीसंसर्ग

प्रश्न : माझे वय 29 वर्षे आहे. दीड वर्षापासून मी डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भनिरोधक गोळ्या घेते. गेल्या वर्षभरात चार वेळा योनिमार्गाला तीव्र खाज सुटून फाटलेल्या दुधासारखा पांढरा स्राव गेला. दुकानातून मलम आणून लावले की तात्पुरते बरे वाटते. हा त्रास गोळ्यांमुळेच होतो का? त्या बंद कराव्यात का?

उत्तर : गोळ्या स्वतःहून बंद करू नका, हे आधी सांगते. पाकीट अर्ध्यावर सोडल्यास नको असताना दिवस राहू शकतात, आणि गरोदरपणात शरीरातील इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) खूप वाढत असल्याने हाच संसर्ग अधिक सहज होतो.

कॅन्डिडा ही बुरशी अनेक निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात थोड्या प्रमाणात असतेच. गोळ्यांतही असणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे तेथील पेशींमध्ये ग्लायकोजेन (साखरेचा साठवलेला प्रकार) साठते आणि बुरशीला पेशींना चिकटून वाढणे सोपे जाते, त्यामुळे तुमची शंका निराधार नाही. मात्र 1960 च्या दशकातील गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन आजच्या कितीतरी पट असे. आता बहुतेक संयुक्त (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन संप्रेरके असलेल्या) गोळ्यांत ते 20 ते 35 मायक्रोग्रॅम असते, आणि एवढ्या कमी मात्रेने संसर्ग वाढतोच, असे सर्व अभ्यासांत आढळलेले नाही.

मला अधिक काळजी वाटते ती तपासणीविना लावलेल्या मलमाची. खाज आणि स्राव ही लक्षणे जिवाणूंच्या संसर्गात, ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गात किंवा साबणाच्या ॲलर्जीतही दिसतात, आणि काही मिश्र मलमांत स्टिरॉइड असल्याने खाज थांबते पण बुरशी तशीच राहते. म्हणून पुढच्या वेळी त्रास सुरू होताच, काहीही न लावता, स्त्रीरोगतज्ज्ञांकडून स्रावाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखणे) करून घ्या. या तपासणीत लाजण्यासारखे काहीही नाही. सुमारे 75 टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. सोबत रक्तातील साखरही तपासा, आणि मधल्या काळात प्रतिजैविके किंवा स्टिरॉइड घेतली असल्यास डॉक्टरांना सांगा.

वर्षातून तीन किंवा अधिक वेळा होणारा संसर्ग 'वारंवार होणारा' मानला जातो आणि त्यासाठी एका मात्रेचे औषध पुरत नाही. सुरुवातीला काही दिवस औषध देऊन नंतर सहा महिने आठवड्यातून एकदा फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध देण्याची पद्धत आहे. त्याने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होत नाही, पण गर्भधारणेची शक्यता असेल तर ते घेऊ नये. योनीत वापरायच्या काही मलमांतील तेलामुळे मात्र लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो.

कॅन्डिडाचे निदान पक्के होऊन आणि पूर्ण उपचार घेऊनही त्रास परतत राहिला, तर इस्ट्रोजेन नसलेली गोळी किंवा दुसरे साधन निवडण्याबाबत डॉक्टरांशी बोला. नवे साधन सुरू होईपर्यंत सध्याच्या गोळ्या नियमित चालू ठेवा. ओटीपोटात दुखणे, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर पुढच्या वेळेची वाट न पाहता लगेच तपासून घ्या.