‘संधी-हल्ला’ की ‘आयता वार’?

टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांचे लढाईचे नियम मराठीत उतरवू पाहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘मूव्हमेंट’साठी ‘चाल’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी अटॅक’साठी, म्हणजे आवाक्यातून निसटणाऱ्यावर करता येणाऱ्या जादा वारासाठी, ‘संधी-हल्ला’ हे शब्द योग्य ठरतील का. माझ्या मते पहिला शब्द फसवा आहे आणि दुसरा निर्जीव आहे. नियमातला शब्द सुटा तपासून भागत नाही; तो कोणते क्रियापद घेतो आणि खेळणारा ते वाक्य तोंडाने कसे म्हणेल, हे आधी पाहावे लागते.

‘चाल’ बुद्धिबळातून आपल्या कानांत बसलेला आहे, पण तिथे चाल ही मोजता येणारी, एकसंध कृती असते : एक चाल खेळली की पाळी संपली. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच एका खेळाच्या 2014च्या पाचव्या आवृत्तीत हलणे हे एक परिमाण आहे. बहुतेक पात्रांना एका पाळीत तीस फूट मिळतात आणि ते तुकड्यातुकड्यांनी, मध्ये वार करूनही, खर्च करता येतात. याहून मोठी अडचण क्रियापदाची आहे. ‘योद्ध्याने राक्षसावर चाल केली’ असे लिहिले की कोणताही मराठी वाचक हल्ला झाला असेच समजेल, आणि ‘चाल खेळली’ म्हटले की त्याला डावपेचाचा वास येईल. म्हणून पाळीगणिक मिळणाऱ्या या अंतराला मी ‘मजल’ म्हणेन. ‘मजल दरमजल’मधली मजल म्हणजे एका दमात कापलेला प्रवास, इथे दम सहा सेकंदांचा आहे एवढेच. (‘इथपर्यंत तुझी मजल गेली?’ हा अर्थही सोबत येतो, पण खेळाच्या टेबलावर त्याने बिघडत काही नाही.) मूळ नियमांत याला ‘स्पीड’ म्हणतात, तरी ‘वेग’ टाळावा, कारण वेग खर्च होत नाही आणि उरतही नाही. ‘बुटक्याने पंधरा फूट मजल मारून वार केला आणि उरलेल्या दहा फुटांत तो खांबाच्या आडोशाला गेला’ (बुटक्यांना पंचवीसच फूट मिळतात) हे वाक्य मला अडखळल्याशिवाय म्हणता येते. त्यातला ‘आडोसा’ हा ‘कव्हर’साठी आयताच हाताशी असलेला शब्द आहे, अर्धा आडोसा बचावात दोनची भर घालतो, पाऊण आडोसा पाचची.

आता मुख्य प्रश्न. शत्रूच्या शस्त्राच्या आवाक्यातून सरळ चालते झाले, तर त्याला स्वतःची पाळी नसतानाही एक वार करता येतो, असा हा नियम आहे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तो अधिक कडक होता : शत्रूच्या माऱ्यातले पटावरचे कोणतेही घर (चौकोन) सोडताना, किंवा तिथे उभे राहून औषधाची कुपी पिताना, हा वार ओढवत असे. पाचव्या आवृत्तीत आवाक्याच्या आत शत्रूभोवती फिरले तरी चालते. बाहेर पडताना मात्र वार बसू शकतो. दोन्हींत समान गोष्ट ही की, समोरच्याने आपल्या हाताने दिलेली, कष्टाविना मिळालेली ही वेळ असते, आणि नेमके हेच ‘आयता’ या विशेषणात आहे. आपण ‘आयता सापडला’ म्हणतो, ‘संधी सापडला’ म्हणत नाही. म्हणून ‘आयता वार’. ‘पाठीवर वार’ असेही कुणी सुचवेल, पण त्यात विश्वासघाताची छटा आहे आणि पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांत सोंगटीचे तोंड कुठे आहे याला महत्त्वच नाही. ‘आवाक्या’ऐवजी शिकाऱ्यांचा ‘टप्पा’ मला अधिक नेमका वाटतो : शत्रू टप्प्यात येतो, टप्प्याबाहेर जातो. ‘पल्ला’ मग धनुष्यासाठी मोकळा राहतो.

हा वार टाळण्यासाठी आपल्या पाळीतली कृती खर्चून ‘डिसएंगेज’ करतात, म्हणजे सावधपणे शत्रूपासून सुटतात. त्याला ‘माघार’ म्हणण्याचा मोह आवरावा. त्या कृतीनंतर खेळाडू मागेच जातो असे नाही, तो शत्रूला ओलांडून मागच्या जादूगारापर्यंतही पोहोचू शकतो. ‘काढता पाय घेणे’ यात पराभव नाही, सावधपणा आहे. आणि कुणी दुसऱ्याने ढकलल्यामुळे टप्प्याबाहेर गेलात, तर आयता वार बसत नाही; त्या प्रकाराला ‘सक्तीची मजल’ म्हणू नये, कारण मजल मारणारा स्वतः मारतो. ‘ढकलला गेला’ हे साधे कर्मणी रूप पुरे.

‘फ्लँकिंग’बद्दल, म्हणजे शत्रूला दोन बाजूंनी घेरण्याबद्दल, विचारलेले नाही, तरी तिथे सगळ्यात मोठा खड्डा आहे म्हणून सांगतो. शब्दकोश ‘बगल’ देईल, पण शत्रूला बगल देणे म्हणजे त्याला टाळून जाणे, म्हणजे नेमके उलटे. नियमात दोन साथीदार शत्रूच्या समोरासमोरच्या बाजूंना उभे राहतात. तिसऱ्या आवृत्तीत त्यांना हल्ल्यात दोनची भर मिळे, पाचवीत हा नियम ऐच्छिक आहे. दोन पाती आणि मध्ये सापडलेला एक, असे हे चित्र असल्याने खेळणारा सहज म्हणेल : ‘तू पलीकडच्या घरात ये, याला कात्रीत धरू.’