‘उपेक्षा’ हा सद्गुण कसा?

प्रश्न दापोली तालुक्यातल्या एका वाडीतून आला आहे. वर्षावासात, म्हणजे बौद्धांच्या पावसाळ्यातल्या साधनाकाळात, विहारात ग्रंथवाचन चालू असताना दहा पारमितांमध्ये, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या दहा सद्गुणांमध्ये, ‘उपेक्षा’ हा शब्द आला, तेव्हा ऐकणाऱ्या एका आजींनी विचारले, “बाय, जी जन्मभर आमच्या वाट्याला आली, ती उपेक्षा चांगली कशी?” वाचणाऱ्या मुलीने ती शंका माझ्याकडे पाठवली आहे.

शंका अगदी रास्त आहे. ‘कोकणाची उपेक्षा’ हे शब्द वाचत आपण मोठे झालो, त्यामुळे या शब्दाला आपल्या कानात अन्यायाचाच सूर आहे. मात्र अपेक्षा, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा यांच्याप्रमाणे हा शब्दही ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूपासून झाला असून ‘उप’ म्हणजे जवळ. पाहूनही काही न करणे हा अर्थ संस्कृतातच रूढ होता. मराठीने शब्द बिघडवला, असे म्हणता येणार नाही. आपल्या ‘बघ्याची भूमिका’ या प्रयोगातही पाहण्याचे असेच झाले आहे. पालीतल्या ‘उपेक्खा’ने बौद्ध विचारात वेगळी वाट धरली: सगळे नीट पाहायचे, पण आवडी-नावडीने मन ओढले जाऊ द्यायचे नाही. म्हणूनच मैत्री, करुणा आणि मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) यांच्यानंतर चौथा ब्रह्मविहार, म्हणजे मनाची चौथी उदात्त अवस्था, म्हणून ती येते.

या दोन अर्थांची गल्लत होईल, हे पाली ग्रंथांचे भाष्यकार बुद्धघोष यांनी पाचव्या शतकातच ओळखले होते. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात ते आसक्ती आणि द्वेष यांना उपेक्खेचे दूरचे शत्रू म्हणतात, तर अज्ञानातून आलेल्या बेफिकिरीला जवळचा शत्रू, कारण ती वरवर तशीच दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच भेद केला आहे. फळाने विचलित न होणे आणि तरीही त्यासाठी झटत राहणे, असा अर्थ ते देतात. आजींच्या वाट्याला आलेली उपेक्षा समाजाने केलेली आहे आणि ती मुकाट सोसणे म्हणजे पारमिता नव्हे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्यांनीही ती सोसली नव्हती.

काही जण येथे ‘तटस्थता’ हा शब्द सुचवतात. मला तो पटत नाही, कारण तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. हर्णैच्या बंदरातून होडी बाहेर पडते, लाटेवर चढते, धाडकन खाली येते, आणि सुकाणूवरच्या तांडेलाची ना नजर हलते, ना हाताची पकड सैलावते. तो काठावर नाही, पाण्यात आहे. उपेक्खा त्याच्याजवळ आहे.

वाचताना ‘उपेक्खा’ हेच पाली रूप ठेवावे आणि अर्थ ‘समचित्तता’ असा सांगावा. आजींना महामंगलसुत्त हे पाली सूत्र पाठ असेलच. त्यातल्या ‘फुट्ठस्स लोकधम्मेहि, चित्तं यस्स न कम्पति’ या ओळीपाशी थोडे थांबावे. लाभ-हानी, कीर्ती-अपकीर्ती, निंदा-स्तुती, सुख-दुःख यांचा स्पर्श होऊनही ज्याचे चित्त कापत नाही, असा तिचा अर्थ आहे. स्पर्श होतो, हे त्या ओळीत आधी सांगितले आहे, तेवढे आजींना आवर्जून दाखवावे.