थरच्या वाळूतली संध्याकाळ : उंटावर बसावे की उंटगाडीत?

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही जैसलमेरला जात आहोत. हॉटेलने उंटाची सवारी, सूर्यास्त, शेकोटीभोवती लोकसंगीत, जेवण आणि रात्री शहरात परत, असे पॅकेज सुचवले आहे. सोबत कंबरदुखीचा त्रास असलेल्या सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी आहे. दोघींना उंटावर बसवावे का? आणि वाळूच्या टेकड्या पाहायला सम बरे की खुडी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंना उंटावर बसवू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय बरोबरच उचलतो, त्यामुळे बसणारा सतत हेलकावत राहतो. पण कंबरेला खरा धक्का बसतो तो उंट उठताना आणि बसताना. उठताना तो आधी मागचे पाय सरळ करतो आणि पाठीवरचा माणूस एकदम पुढे झुकतो. बसताना पुढचे गुडघे आधी दुमडतात आणि पुन्हा तोच झोका येतो. दोन्ही वेळी पलाणाचा, म्हणजे उंटाच्या खोगिराचा, दांडा घट्ट धरून मागे रेलायचे, एवढे तुम्हाला आणि मुलीला पुरेसे आहे. मुलीला एकटीला न बसवता तुमच्या पुढ्यात घ्या आणि दोघींनीही पायघोळ, जाड कापडाचे कपडे घाला, नाहीतर मांड्या सोलवटतात. सासूबाईंसाठी उंटगाडी सांगावी. त्याऐवजी कुणी वाळूवरची जीप सुचवली, तर साफ नकार द्या, कारण टेकड्यांवरून आदळत जाणारी जीप दुखऱ्या कंबरेला उंटापेक्षाही वाईट.

सम जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटरवर असून तेथील धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, पाहण्याजोग्या आहेत यात वाद नाही. मात्र सुट्टीच्या दिवसांत सूर्यास्ताच्या वेळी तेथे जत्रा भरते. नैऋत्येकडचे खुडी थोडे दूर असले तरी त्या मानाने निवांत आहे. तुमच्या जागी मी खुडी निवडीन. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणून दुपारी चारपूर्वी शहर सोडावे. अनेक पॅकेजे उशिरा निघतात आणि मग सवारी अंधारात उरकली जाते.

या संध्याकाळचा सर्वात मोलाचा भाग माझ्या मते उंट नसून गाणे आहे. मांगणियार आणि लंगा हे पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांचे समाज. त्यांच्यापैकी कुणी कमायचा हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य किंवा खडताल या लाकडी पट्ट्या घेऊन शेकोटीजवळ बसले, तर तेवढ्यासाठी जावे. दुर्दैवाने पुष्कळ तंबूंत ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते वाजतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा : गाणारे प्रत्यक्ष असतात का, आणि ध्वनिवर्धक बंद ठेवता येईल का? हा परिसर डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहे आणि सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला परिचित असलेल्या माळढोक पक्ष्याचा शेवटचा मोठा आसरा तेथेच आहे, हेही गोंगाट नको म्हणण्याचे कारण आहेच.

जेवणात दाल-बाटी, चुरमा आणि गट्ट्यांची भाजी बहुधा असते. केर-सांगरी मात्र मुद्दाम मागून घ्यावी. सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्याकडच्या शमीच्या, शेंगा. त्या वाळवून ठेवतात आणि भिजवून, उकडून केरच्या आंबटसर फळांबरोबर तेलात परततात. पाणी दुर्मीळ असलेल्या मुलखाची ही अस्सल भाजी आहे. मुलीसाठी तिखट कमी करायला आधी सांगा. वाळू सूर्यास्तानंतर झपाट्याने गार होते, तेव्हा शाल आणि कानटोपी गाडीत नव्हे, हातात असू द्या.

राहिला उंट. राजस्थानने 2014 मध्ये त्याला राज्यपशूचा दर्जा दिला, तरी देशातील उंटांची संख्या 2012 च्या पशुगणनेतील 4 लाखांवरून 2019 मध्ये अडीच लाखांवर आली. पर्यटकांच्या सवारीवर काही पालकांचे उंट टिकून आहेत, म्हणून सवारी टाळा असे मी म्हणणार नाही. वेसणीजवळ जखम किंवा पलाणाखाली सोललेली पाठ दिसली, तर मात्र दुसरा उंट मागा. एका उंटावर मोठी माणसे दोनच बसावीत. उंटवाल्याची मजुरी पॅकेजमध्ये धरली आहे की जागेवर द्यायची, हेही हॉटेलकडून लिहून घ्या; वाळूवर पोहोचल्यावर होणारे बहुतेक वाद याच मुद्द्यावरून होतात.