नळीवरचा आकडा आणि चेंबरमधलं माप

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्मी वाइल्डकॅट काडतुसांवरची आहेत. व्हिडिओ बघून मंडळी पेटलेली दिसतात. तेव्हा एकदाच लिहितो.

प्रश्न (वर्तकनगर, ठाणे): वाइल्डकॅट म्हणजे रानमांजर मारायचं काडतूस का? येऊरला आम्हाला एक दिसतं.

नाही. शिकारीवर कायद्याने बंदी आहे. मांजर बघा आणि घरी या.

प्रश्न (घणसोली): मग वाइल्डकॅट म्हणजे नक्की काय? कंपनी बनवत नाही, तर येतं कुठून?

चालू काडतुसाची पुंगळी, म्हणजे दारू भरलेली पितळी नळी, घ्यायची, साच्यात दाबून तिची मान (गोळी धरणारं अरुंद तोंड) आवळायची किंवा रुंदावायची, कधी खांदा (पोटापासून मानेपर्यंतचा उतार) पुढे सरकवायचा आणि त्या मापाचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, रायफलीत कापायचं. कारखाना ते विकत नाही, त्याचं प्रमाणित मापही ठरलेलं नाही, तोवर ते वाइल्डकॅट. धंदा दिसला की कंपन्या त्याला पाळतात. सॅव्हेज कंपनीचं .२५०-३००० हे काडतूस १९१५ चं, चार्ल्स न्यूटनच्या आखणीचं. ८७ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला ३००० फूट जाते, हीच त्याची जाहिरात आणि हेच नाव. हौशी लोकांनी त्याची मान .२२ इंचावर आवळली. १९६३ मध्ये ब्राउनिंगने त्यासाठी रायफल काढली, तेव्हा काडतूस बाजारात नव्हतंच! ते रेमिंग्टनने १९६५ मध्ये .२२-२५० म्हणून आणलं.

प्रश्न (डोंबिवली): पुंगळी मोठी केली की वेग वाढतोच ना? ‘ॲक्ले इम्प्रूव्ह्ड’ने तीनशे फूट वाढतात असं ऐकलं.

ऐकलंत, मोजलं नाहीत. ॲक्ले हा अमेरिकन बंदूक कारागीर; पुंगळीचं पोट सरळ आणि खांदा उभा करून आत जागा वाढवायची, ही त्याची ‘सुधारणा’. ढोबळ हिशेब असा, की पुंगळीत जागा जितके टक्के वाढते त्याच्या साधारण चौथा हिस्सा वेग वाढतो. पाच टक्के जागा वाढली तर २८०० फुटांवर जेमतेम ३५ फूट. त्याहून बरंच जास्त दिसलं, तर बहुतेकदा तो दाब वाढवल्याचा परिणाम असतो. शिवाय जागा भरायला योग्य दारू हवी. नीडनर या अमेरिकन बंदूक कारागिराने १९२० च्या सुमारास .३०-०६ ची मान आवळून .२५-०६ केलं, पण एवढ्या पोटाला आणि बारीक मानेला साजेशी मंद जळणारी दारू तेव्हा नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर तोफांची उरलेली मंद दारू अमेरिकेत स्वस्तात मिळू लागली, तेव्हा त्या काडतुसाचं चीज झालं. रेमिंग्टनने ते १९६९ मध्ये बाजारात आणलं.

प्रश्न (वाशी): विक्रेता म्हणतो, रायफल वाइल्डकॅट आहे, म्हणून किंमत जास्त.

म्हणजे जिचं काडतूस दुकानात मिळत नाही अशा वस्तूचे तो जादा पैसे मागतोय. बोअर, म्हणजे काडतुसाचं माप, लेखी मागा आणि परवाना शाखेला दाखवा. लिहून द्यायला कां-कूं करत असेल तर चालू लागा.

प्रश्न (कोपरी, ठाणे): जुन्या शिकाऱ्यांची .४७० वाइल्डकॅट होती का?

नाही. १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली, म्हणून इंग्रज बंदूकवाल्यांनी .४७०, .४६५ अशी मापं काढली. त्यामागे सरकारी हुकूम होता, हौस नव्हती.

प्रश्न (ऐरोली): वडील गेल्या दिवाळीत गेले. आजोबांची रायफल कपाटात आहे, नळीवर .२७५ कोरलंय. काका म्हणतात, आजोबांनी चेंबर ‘इम्प्रूव्ह’ करून घेतलं होतं. बाजारातलं ७ बाय ५७ चं काडतूस घालून एकदा उडवून बघू का?

नको. दिवाळी होऊन किती महिने झाले? वडिलांचा परवाना तुम्हाला वारशाने मिळत नाही. रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमात तेच आहे. ते आधी करा.

आता काकांचं. .२७५ रिग्बी आणि ७ बाय ५७ (७ मिलिमीटरची गोळी, ५७ मिलिमीटरची पुंगळी) एकच, हे खरं. पण कोरलेला आकडा रायफल कारखान्यातून निघाली तेव्हाचा. नंतर कोणी चेंबर कापलं असेल, तर तो आकडा जागचा हलत नाही. माझ्या खणात अशाच एका रायफलीतली पुंगळी आहे. बुडापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर चकचकीत कडं दिसतं. चेंबर खोल कापलं गेलं होतं, पुंगळीला पुढे आधार नव्हता, पितळ तिथे ताणून पातळ झालं. आणखी एक बार आणि तिचे दोन तुकडे. आत दाब दर चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या घरात. तो वायू मागे फुटला, तर बोल्टमागे, म्हणजे चेंबर बंद करणाऱ्या दांड्यामागे, तुमचा डोळा असतो. आजोबांच्या डब्यात जुनी पुंगळी असेल तर तिचा खांदा बघा. ७ बाय ५७ चा खांदा एकवीस अंशांच्या आसपास, उतरता. ॲक्लेचा चाळीस अंशांचा, जवळजवळ पायरीच. पण डोळ्यांनी पाहिलेलं हा पुरावा नव्हे. परवानाधारक बंदूक कारागीर चेंबरचा साचा ओतून घेतो, मापतो आणि लिहून देतो. तो कागद हातात येईपर्यंत त्यात एकही काडतूस जाता कामा नये.

प्रश्न (कल्याण): घरी काडतुसं भरता येतील का?

परवान्याशिवाय नाही. आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा, मला नको.