पायची पारी फिकी का लागते?

प्रश्न : मी घरी ॲपल पाय करते. सारण उत्तम जमते, पारीही खुसखुशीत होते. पण ती नुसत्या मैद्यासारखी लागते. व्हॅनिला इसेन्स घालून पाहिला, तरी फरक पडला नाही. पारीला चव येण्यासाठी काय घालावे?

उत्तर : काही घालण्याआधी मीठ आणि भाजणी तपासावी, कारण फिक्या पारीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. बिनमिठाचे लोणी वापरत असाल, तर ३०० ग्रॅम मैद्याला सपाट चहाचा चमचाभर मीठ हवेच. कडा सोनेरी दिसल्या की आपण पाय बाहेर काढतो, पण तेव्हा तळ पांढुरकाच असतो. तो तांबूस होईपर्यंत धीर धरला, तरच खमंगपणा येतो. व्हॅनिलाचा सुगंध मात्र पातळ पारीत ओव्हनच्या आचेने बराचसा उडून जातो, त्यामुळे तो सारणातच शोभतो.

यानंतरही वेगळी चव हवी असेल, तर लिंबाच्या सालीचा फक्त पिवळा भाग किसून चमचाभर साखरेत बोटांनी चोळावा. साखर ओलसर होऊन घमघमू लागली की ती मैद्यात मिसळावी. दालचिनीची पूड चमचाभर पुरते. बदामाची किंवा अक्रोडाची पूड घालताना तेवढाच मैदा कमी करावा, पण चौथ्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये, कारण त्यांत पीठ धरून ठेवणारे ग्लूटेन हे प्रथिन नसते आणि पारी लाटताना तडकते. पारीत किसलेले चेडर चीज घातले, तर ते सफरचंदाबरोबर फार छान लागते. मीठ तेवढे कमी करावे.

माझा स्वतःचा कल लोणी परतून घेण्याकडे आहे. मंद आचेवर लोणी वितळवले की आधी तडतडते, मग फेस ओसरू लागतो आणि तळाशी तपकिरी कण दिसतात. त्याच क्षणी भांडे उतरवून लोणी दुसऱ्या भांड्यात ओतावे, नाहीतर ते करपते. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते आणि ते इथे उडून जाते, म्हणून २०० ग्रॅम लोण्यामागे दोन मोठे चमचे थंड पाणी जास्त घालावे. हे लोणी फ्रिजमध्ये पुन्हा घट्ट झाल्याशिवाय मैद्यात चोळू नये, कारण पापुद्रे थंड लोण्याच्या तुकड्यांमुळेच सुटतात.

कोणताही बदल केलात, तरी पारीची एक कातरण आधी वेगळी भाजून चाखून पाहावी.