नौका ठेवायची कोठे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी आणि माझे चुलतभाऊ मिळून ३६ फुटांची, शिडाची, वापरलेली यॉट विकत घेत आहोत. तिचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडणारी खोली, पावणेदोन मीटर आहे. नौका सध्या मुंबईत गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातील बोयाला बांधलेली असते. आम्ही दोघेही सोलापुरात व्यवसाय करतो, त्यामुळे महिन्या-दीड महिन्यातून एकदाच तिकडे जाणे जमेल. ती मुंबईतच ठेवावी असे विक्रेत्यांचे मत आहे, तर कोचीच्या मरीनात (खासगी नौका ठेवण्याच्या बंदरात) वर्षभराची जागा घ्यावी असा सल्ला एका परिचितांनी दिला. दीर्घ मुदतीसाठी जागा निवडताना नेमके काय पाहावे?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : बहुतेक मालक आधी भाडे विचारतात आणि मग हिवाळ्यातल्या एखाद्या शांत रविवारी जाऊन धक्का पाहून येतात. आपण विचाराची सुरुवात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांपासून करावी, कारण पश्चिम किनाऱ्यावर उघड्यावर राहिलेल्या नौकेचे सर्वांत मोठे नुकसान याच काळात होते आणि त्या वेळी आपण चारशे किलोमीटर दूर असणार आहात. कोळी बांधव पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. गेटवे ते मांडवा ही प्रवासी लाँचसेवाही त्या दिवसांत बंद असते. ज्या समुद्राला रोजचे जाणते लोक इतका मान देतात, त्यात दोरीच्या भरवशावर नौका सोडून येणे योग्य नाही.

मुंबईत गेटवेसमोर मिळते ती मरीनातील बर्थ, म्हणजे धक्क्यालगतची जागा, नव्हे. तेथे समुद्रतळाशी बसवलेल्या वजनाला साखळीने बांधलेला बोया असतो, नौका त्याला बांधली जाते आणि वारा-प्रवाहाप्रमाणे फिरत राहते. नौकेपर्यंत लहान होडीने जावे लागते. वीज किंवा नळाचे पाणी तेथे नसते. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात ही व्यवस्था चांगली चालते, मात्र ती साखळी शेवटची कधी वर काढून तपासली होती, हे विचारल्यावाचून राहू नका. साखळी सर्वांत जास्त झिजते ती तळाशी, जेथे ती सतत उचलली आणि आपटली जाते. पाण्यावरचा रंगवलेला बोया पाहून त्याचा काहीच अंदाज येत नाही.

मुंबईच्या भरती-ओहोटीतील फरक उधाणाला चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, कोचीत तो जेमतेम मीटरभर असतो. म्हणून मुंबई परिसरात धक्क्यावरची जागा कोणी देऊ केली, तर ती पाँटूनवर (पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या तरत्या फलाटावर) आहे की पक्क्या भिंतीलगत, हा पहिला प्रश्न. पक्क्या भिंतीला बांधलेल्या नौकेचे दोर दिवसातून चार वेळा सैल-घट्ट करावे लागतात, आणि ते करणारा माणूस नसेल तर ओहोटीला नौका दोरांवर लटकते. पाँटून असेल तर त्याला धरून ठेवणारे खांब किती उंच आहेत ते पाहा. वादळात पाणी नेहमीच्या उधाणाहूनही वर चढते, तेव्हा आखूड खांबावरून पाँटून निसटू शकतो.

जागा पाहायला अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी जावे. मुंबईत या तिथींना भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, त्यामुळे ओहोटी सकाळी सहा-सातच्या सुमारास असते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी मुंबईत उतरून ओहोटी संपता संपता धक्क्यावर पोहोचाल. सोबत दोरीला बांधलेले वजन ठेवा आणि स्वतः खोली मोजा. आपल्या कीलखाली (नौकेच्या तळाच्या सर्वांत खालच्या भागाखाली) तळाच्या ओहोटीलाही किमान अर्धा मीटर पाणी उरले पाहिजे, शिवाय ते केवळ बर्थवर नव्हे, तर आत येण्याच्या संपूर्ण वाटेवर. गाळ वाटेतच आधी साचतो. शेजारच्या नौकांचे दोर जिथून कडेवरून वळतात ती जागा बारकाईने पाहा. दोराचे पीळ तेथे पिंजून केसाळ झालेले असतील आणि त्यावर ना कापडी वेष्टण, ना रबरी नळीचा तुकडा असेल, तर त्या ठिकाणची देखरेख कशी आहे हे व्यवस्थापकाशी बोलण्याआधीच आपल्याला समजेल.

आता कोचीविषयी. बोलघाटी बेटावरील हे मरीना केरळच्या पर्यटन विकास महामंडळाचे आहे. ते २०१० मध्ये सुरू झाले आणि देशातील पहिले आंतरराष्ट्रीय दर्जाचे मरीना म्हणून ओळखले जाते. ते खुल्या समुद्रापासून आत, बॅकवॉटरमध्ये आहे, त्यामुळे लाटांचा त्रास कमी. ही त्याची मोठी जमेची बाजू. परंतु वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या त्या हवेत बंद केबिनला बुरशी फार लवकर चढते. सोलापूरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्याला याची कल्पना सहसा येत नाही. गाळ हे तेथील जुने दुखणे आहे, तेव्हा खोली तेथेही स्वतःच मोजावी. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी उतरते आणि त्याबरोबर जलपर्णीचे तराफे येतात. उजनीमुळे ही वनस्पती आपल्या परिचयाची आहेच. ती इंजिनाच्या थंड पाण्याच्या तोंडाशी अडकली तर इंजिन तापते. धक्क्यावरची वीज सतत जोडून ठेवायची असेल, तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (धातू झिजवणारा सूक्ष्म प्रवाह अडवणारे उपकरण) बसवल्याशिवाय ती जोडू नये, नाहीतर शेजारच्या नौकेशी तारेतून जोडले जाऊन आपले, इतर धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे, झिंक अॅनोड झपाट्याने झिजतात आणि ते संपले की पाळी प्रोपेलरची येते.

माझे मत स्पष्ट आहे. कोचीला आपले कोणी विश्वासू माणूस नसेल, तर तेथे वर्षभराची जागा घेऊ नये. सोलापूरहून रेल्वेने तेथे पोहोचायला दिवसाहून अधिक वेळ लागतो. बिल्ज पंप (नौकेच्या तळात साचलेले पाणी उपसणारा पंप) बंद पडल्याचा निरोप आल्यावर आपण निघेपर्यंत उशीर झालेला असेल. मुंबईला मात्र एका रात्रीत पोहोचता येते. म्हणून ऑक्टोबर ते एप्रिलअखेर मुंबईचे मूरिंग आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरील यार्डात नौका वर ओढून ठेवणे, हा मार्ग आपल्यासाठी योग्य ठरेल. यार्डाची जागा जानेवारीतच ठरवावी आणि नौका मेच्या पहिल्या आठवड्यात वर घ्यावी. 'तौक्ते' चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेले आणि 'निसर्ग' ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले; मेअखेरपर्यंत थांबणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय. यार्डात डोलकाठी उतरवून ठेवता आली तर उत्तम. तळाचा निचरा-प्लग काढून ठेवा, कारण कॉकपिटच्या मोऱ्या पानांनी तुंबल्या की जमिनीवर उभी असलेली नौकाही पावसाच्या पाण्याने आतून भरते.

मूरिंगच्या महिन्यांसाठी एखादा जाणता तांडेल किंवा खलाशी पगारावर ठेवा. त्याने आठवड्यातून एकदा नौकेवर जाऊन सीकॉक (तळातून पाणी आत-बाहेर करणाऱ्या झडपा) बंद आहेत का, बॅटरीचा व्होल्टेज किती, बिल्जमध्ये पाणी किती, हे पाहावे आणि छायाचित्रांसह कळवावे. भाड्यात घासाघीस करून वाचवलेले पैसे या माणसावर खर्च करा, असे मी आग्रहाने सांगेन.

करारात लांबी कशी मोजली जाते ते तपासा. पुढे आलेला नांगराचा रोलर आणि मागची लहान होडी धरून मोजणी झाली तर आकारणी वाढते. नौका हलवण्याचा अधिकार व्यवस्थापनाला कधी आहे, बाहेरचा मेकॅनिक आणता येतो का आणि वादळात बांधणीची जबाबदारी कोणाची, हे लेखी घ्या. विम्याच्या कागदात पावसाळ्यात नौका पाण्यात ठेवण्यावर बंधन आहे का, तेही पाहावे.

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यावर लहान शिडाची डिंगी वर्षभर पाण्यात ठेवता येईल का?
– एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : ठेवू नये. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे, आणि उन्हाळ्यात पातळी त्याच्याही खाली, म्हणजे उणे टक्क्यांत जाते, हे जिल्ह्यातील प्रत्येकाला माहीत आहे. फुगवटा उथळ असल्याने पाण्याची कड तेव्हा खूप दूर सरकते. ऑगस्टमध्ये योग्य वाटलेली बांधायची जागा मे महिन्यात भेगाळलेल्या गाळात उघडी पडते. चाकांच्या ट्रॉलीवर डिंगी काठावर, सावलीत ठेवावी आणि वापरापुरती पाण्यात न्यावी. जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्यावी. छोटे आउटबोर्ड इंजिन असेल तर गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे अॅनोड लावावेत, झिंकचा तेथे फारसा उपयोग होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळिवाचा वारा अचानक उठतो. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी मार्गावरील प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. या दोन महिन्यांत सकाळीच पाण्यात उतरावे, दहा-अकरापर्यंत काठावर परतावे आणि जीवरक्षक जॅकेट काठावरच अंगात घालून बंद करावे.